साइड मार्जिनमधली अबोली: नाशिकच्या सावलीतल्या बागेसाठी

नाशिकमध्ये बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या तशी घराभोवतीची बाग आक्रसत गेली. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठेही जा; तळमजल्यावर राहणाऱ्याच्या वाट्याला येते ती इमारत आणि कंपाउंड वॉल यांच्यामधली दहा-बारा फुटांची पट्टी. नकाशावर तिचं नाव साइड मार्जिन. दिवसातला बराच वेळ तिथे सावली असते. हौसेने लावलेला गुलाब तिथे काटकुळा होतो, जास्वंद उंच वाढते आणि कळ्या गाळते. मग माणूस कंटाळून मनी प्लांट आणि अरेका पाम आणतो आणि फुलांचा नाद सोडून देतो.

नाद सोडू नका. या पट्टीसाठी आपल्याच मातीतलं एक फुलझुडूप आहे, अबोली. आजीच्या वेणीतली, मोगऱ्याच्या जोडीने गजऱ्यात गुंफली जाणारी. ती अर्ध्या सावलीत सुखाने राहते, कमरेच्या वर जात नाही, आणि मनासारखी जागा मिळाली तर वर्षातले बरेच महिने फुलते. तरीही सावलीतल्या बागांमध्ये अबोली पुष्कळदा मरते. दोष सावलीला दिला जातो, खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. सावलीतली माती वाळत नाही, आपण मात्र उन्हातल्या झाडाच्या हिशोबाने पाणी घालत राहतो. पुढे लिहिलेल्यातलं निम्मं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

झाडाचा स्वभाव

अबोलीचं शास्त्रीय नाव क्रॉसॅन्ड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं मूळ घर. अडुळसा, कोरांटी आणि आपल्या सह्याद्रीतली कारवी ही सगळी तिच्याच कुळातली. झुडूप साधारण दोन ते तीन फूट उंच होतं. पानं गडद हिरवी, चकचकीत, कडेला किंचित लाटा असलेली, बारमाही. फांदीच्या शेंड्याला आणि पानांच्या बगलेतून हिरव्या छदांचं, म्हणजे फुलाखालच्या छोट्या पानांचं, कणीस वर येतं आणि त्या कणसात खालून वर अशी फुलं उमलत जातात. एक कणीस दोन-तीन आठवडे फुलं देत राहतं. फुलाची नळी बारीक आणि पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या. वास अजिबात नाही. पण फूल झाडावर टिकतं आणि तोडल्यावरही लवकर मान टाकत नाही, म्हणून तर वेणीला ते इतकं आवडीचं.

तिला हवी असते ती जंगलाच्या कडेसारखी जागा: सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, मुळांशी पालापाचोळ्याची भुसभुशीत माती, ओल असलेली पण पाणी न साठणारी. नाशिकच्या इमारतीशेजारी यातली सावली आयती मिळते. बाकीचं आपण तयार करायचं.

आधी सावली मोजा

रोप आणण्याआधी एक सुट्टीचा दिवस या कामासाठी काढा. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि चार वाजता त्या पट्टीत जाऊन उभे राहा. प्रत्येक वेळी ऊन जमिनीवर कुठपर्यंत येतं तिथे खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण करा. ऊन नसेल तिथे हात जमिनीपासून फूटभर वर धरा. हाताची सावली अंधुक का होईना, पण बोटं वेगळी कळतील अशी पडली तर ती उजेडाची सावली. नुसता धूसर डाग दिसला तर मध्यम. काहीच पडलं नाही तर ती गडद सावली, आणि तिथे अबोली पानं देईल, फुलं देणार नाही.

अबोलीला सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर सगळ्यात उत्तम. दोन तास ऊन आणि बाकी दिवसभर मोकळं आभाळ दिसत असेल तरी भागतं, फुलं थोडी कमी येतात इतकंच. पश्चिमेच्या भिंतीला लागून लावत असाल तर सांभाळा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत आच सोडत राहते. तिथे पानांच्या कडा करपतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेला झुकलेला असतो. त्यामुळे तुमच्या दक्षिणेला १० मीटर उंचीची इमारत असेल तर दुपारी बाराच्या सुमाराला तिची सावली साधारण साडेनऊ मीटर लांब पडते. म्हणजे अख्खं साइड मार्जिन झाकलं जातं, वर शेजाऱ्याचंही. मे महिन्यात चित्र उलटं होतं. २० मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या २३ तारखेच्या सुमारापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे हिवाळ्यात किरणसुद्धा न दिसणारी इमारतीच्या उत्तरेची पट्टी मे-जूनमध्ये चांगली तापते.

म्हणून फक्त डिसेंबरात पाहून ‘इथे काहीच येणार नाही’ असं ठरवू नका आणि फक्त मेमध्ये पाहून ‘भरपूर ऊन आहे’ असंही समजू नका. वर्षभर थांबणं शक्य नसेल तर शेजारच्या इमारतीची उंची आणि दिशा पाहून अंदाज बांधा. उत्तरेच्या पट्टीतली अबोली उन्हाळा ते दिवाळी फुलेल आणि थंडीत नुसती हिरवी राहील. तेवढं मान्य असेल तर खुशाल लावा. पूर्वेची पट्टी मिळाली तर दुसरा विचारच नको.

झाडाखालच्या सावलीची गोष्ट निराळी. आंबा किंवा उंबर यांच्या खाली उजेडाइतकीच मुळांची अडचण असते. मोठ्या झाडाची बारीक मुळं वरच्या थरातलं पाणी आणि खत आधी ओढून घेतात. तिथे जमिनीत लावण्याऐवजी कुंडीतच ठेवा आणि कुंडीखाली दोन विटा द्या, नाहीतर खालच्या भोकातून झाडाची मुळं कुंडीत शिरतात.

माती: खरं काम इथे आहे

नव्या इमारतीभोवतीची माती ही बहुतेक वेळा माती नसतेच. पाया खणताना निघालेला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा आणि वर दिसायला बरी म्हणून टाकलेली अर्धा फूट काळी माती. सिमेंट आणि चुना माती अल्कधर्मी करतात. नाशिकच्या काळ्या जमिनीतही अनेक ठिकाणी मुळातच चुनखडी असते, द्राक्ष बागायतदारांना हे नीट ठाऊक आहे. अबोलीला सामू, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता (pH), ६ ते ७.५ च्या दरम्यान लागतो. सामू त्याच्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी पडू लागतात.

घरच्या घरी तपासायचं तर वाळलेली मूठभर माती वाटीत घ्या आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे. अशा मातीत गंधक घालून सामू खाली आणण्याचा सल्ला मिळतो. शेतात तो ठीक असेल, पण चुनखडीच्या मातीत घरगुती प्रमाणात त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे माती बदलणं किंवा वर वाफा बांधणं हेच शहाणपणाचं.

दुसरी तपासणी निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनंतरही तसंच दिसत असेल तर त्या जागी जमिनीत अबोली लावू नका.

आणि आता एक अगदी सर्रास केली जाणारी गोष्ट. काळ्या, चिकट मातीत दीड फुटाचा खड्डा घ्यायचा, त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरायचं आणि रोप लावायचं. ऐकायला बरोबर वाटतं. प्रत्यक्षात तो खड्डा बादलीसारखा वागतो. आजूबाजूच्या घट्ट मातीतून पाणी बाहेर जात नाही, पावसाचं सगळं पाणी भुसभुशीत भागात येऊन साठतं आणि मुळं त्यात बुडून राहतात. उन्हातल्या झाडाचं हे कधीकधी खपून जातं, कारण ऊन पाणी उडवून टाकतं. सावलीत आठवडाभर पाणी तसंच राहतं.

यावर उपाय उंच वाफ्याचा. विटा किंवा दगड रचून नऊ इंच ते फूटभर उंचीचा वाफा करा, दीड-दोन फूट रुंद, लांबी जागेप्रमाणे. तळाची मूळ माती कुदळीने उकरून सैल करा. विटांच्या खालच्या ओळीत दर दोन-तीन फुटांवर फट सोडा म्हणजे पाणी बाहेर पडेल. इमारतीच्या भिंतीला माती टेकवू नका, मध्ये अर्धा फूट जागा सोडा. भिंतीला ओल धरली तर बाग राहील बाजूला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचाच विषय निघेल. काम सुरू करण्याआधी सेक्रेटरींना सांगून ठेवलेलं बरं. ड्रेनेजचे चेंबर आणि पाण्याच्या पाइपलाइन कुठून जातात तेही तेव्हाच कळतं.

वाफ्यात भरायचं मिश्रण साधं आहे: दोन घमेली पोयटा (नदीकाठची गाळाची माती) किंवा तांबूस माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं जाड वाळू किंवा बारीक मुरूम. निंबोळी पेंड दर रोपामागे मूठभर. शेणखत हातात घेतल्यावर वास येत असेल किंवा गरम लागत असेल तर ते कच्चं आहे, वापरू नका. कच्च्या खताबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही येते. द्राक्षांचा जिल्हा असल्यामुळे आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत ट्रायकोडर्मा सहज मिळतो. शेणखतात तो मिसळून, ओलसर ठेवून, गोणपाटाखाली आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मग वापरा. मर रोगाला आळा घालायला ही बुरशी कामाची आहे.

कुंडीत लावायचं असेल तर १० ते १२ इंचांची मातीची कुंडी घ्या. प्लॅस्टिकच्या कुंडीत सावलीत ओल फार दिवस राहते, मातीची कुंडी अंगातून श्वास घेते. मिश्रणातली अर्धी माती कमी करून तिच्या जागी कोकोपीट चालेल, मात्र नुसत्या कोकोपीटवर भिस्त ठेवू नका. वरून ते कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं.

रोप निवडताना

गंगापूर रोड, त्र्यंबक रोडच्या बाजूच्या नर्सऱ्यांमध्ये अबोली बहुतेक वेळा मिळते. नेहमीची केशरी अबोली बियांपासून वाढते, चिवट असते, सावलीसाठी मी तीच सुचवेन. ‘दिल्ली’ नावाचा प्रकार गडद केशरी, मोठ्या फुलांचा आणि देखणा. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्याला बी धरत नाही, वाढ फाट्यांपासूनच, म्हणजे फांदीचे तुकडे लावून करावी लागते. पिवळी अबोलीही मिळते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का अंबरा, अर्का श्राव्या, अर्का चेन्ना असे वाण काढलेत, ते मुख्यतः फुलशेतीसाठी.

रोप घेताना फुलांनी लगडलेलं सोडा आणि बुटकं, तीन-चार फांद्यांचं, कोवळ्या पानांचं घ्या. नर्सरीवाल्या दादांना विचारून पिशवी हळूच सैल करा आणि मुळं पाहा. पांढरी, तजेलदार मुळं चांगली. मुळांवर बारीक गाठी किंवा तपकिरी, सडके डाग दिसले तर ते रोप कितीही स्वस्त असलं तरी घरी आणू नका. त्या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत घुसणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या असतात. एकदा मातीत आले की ते वर्षानुवर्षं राहतात, आणि अबोली त्यांना फार लवकर बळी पडते.

लावणी

दोन वेळा चांगल्या. पहिली, जूनचे सुरुवातीचे वळवाचे धडाके ओसरून पाऊस स्थिरावला की, म्हणजे जूनचा शेवट ते जुलै. दुसरी, थंडी सरल्यावर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा. दुसऱ्या वेळी लावलेल्या रोपाला उन्हाळ्याआधी मूळ धरायला पुरेसा वेळ मिळतो. नोव्हेंबर ते जानेवारी लावू नका.

नर्सरीतून आणलेलं रोप लगेच लावू नका. आठवडाभर त्याच जागी पिशवीसकट ठेवा, नव्या उजेडाची सवय होऊ द्या. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. मग संध्याकाळी लावा. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. उन्हात लावणारे फूटभर ठेवतात, पण सावलीत हवा खेळती राहणं जास्त गरजेचं. पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फोडू नका, पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. खोडाशी माती चढवली तर बुंधा कुजतो. भोवती हाताने हलकं दाबा, एकदा भरपूर पाणी द्या.

वर दोन इंच आच्छादन पसरवा: वाळलेली पानं, उसाचं पाचट, जे मिळेल ते. कंपाउंडमधला पालापाचोळा जाळला जातो किंवा घंटागाडीत जातो, तोच गोळा करून वापरा. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा.

लावल्यावर पहिली दोन-तीन कणसं दिसताच खुडून टाका. जिवावर येतं, पण त्यामुळे रोप फांद्या फोडतं आणि पुढे एका कणसाच्या जागी चार येतात.

पाणी

पाणी कधी घालायचं हे घड्याळाने किंवा वाराने ठरवू नका. आच्छादन बाजूला सारा आणि बोट दोन पेरं मातीत घाला. बोटाला ओलसर माती चिकटली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर घाला, आणि घालाल तेव्हा मुळांपर्यंत पोचेल इतकं घाला. रोज तांब्याभर शिंपडलं की वरचा थर चिखल होतो आणि खालची मुळं कोरडी राहतात.

अंदाज म्हणून सांगायचं तर, उंच वाफ्यातल्या जमलेल्या झाडाला सावलीत उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, थंडीत सहा ते आठ दिवसांनी पाणी पुरतं. कुंडीतल्याला उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड. जागेनुसार यात फरक पडेल, म्हणून शेवटी बोटाचंच ऐका.

सोसायटीत माळीदादा येत असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांच्याकडे एक पाइप आणि पूर्ण कंपाउंडची जबाबदारी असते, ते सगळ्यांना सारखंच पाणी देतात. ‘दादा, या वाफ्याला मी सांगेन तेव्हाच घाला’ असं स्पष्ट सांगितलं तर त्यांचंही काम कमी होतं.

पावसाळ्यात उलटं संकट येतं. बाल्कनी आणि छज्जा यांच्या खाली पाऊस पोचतच नाही. बाहेर धो धो पाऊस, गोदावरीला पूर, आणि भिंतीलगतची अबोली तहानेने माना टाकून उभी. जुलैत पाणी घालायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. छज्ज्याखालची माती पावसाळ्यातही बोटाने तपासत जा. आणि गच्चीवरचा पन्हाळीचा पाइप जर वाफ्याजवळ मोकळा सुटत असेल तर तो आधी वळवून घ्या, एका रात्रीत वाफा वाहून जातो.

सुकलेलं झाड दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. तिथे थांबा. जास्त पाण्याने मुळं कुजलेली अबोलीही तशीच माना टाकते, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. माती ओली आणि झाड सुकलेलं, असं असेल तर पाणी बंद करा, आच्छादन काढा, माती हलकेच मोकळी करा आणि वाट पाहा.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी हळूहळू मातीचा सामू वाढवत नेतं. जमेल तेवढं नळाचं पाणी द्या. पावसाळ्यात पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी छज्ज्याखालच्या झाडांना घालण्याइतका त्याचा चांगला उपयोग दुसरा नाही.

खत

सावलीत झाडाची वाढ सावकाश होते, त्यामुळे भूकही कमी. दर दोन महिन्यांनी झाडामागे दोन मुठी गांडूळखत, दर तीन-चार महिन्यांनी अर्धी मूठ निंबोळी पेंड. बस. युरियाच्या वाटेला जाऊ नका. पानं हातभर होतात आणि कणसं येत नाहीत. फुलांच्या दिवसांत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम घेऊन महिन्यातून एकदा दिलं तर चालतं, ओल्या मातीवर.

नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, कृषी सेवा केंद्रात मिळतं, पाकिटावर सांगितल्याप्रमाणे पाण्यातून द्या. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर प्रश्न वेगळा आहे, तिथे नत्र कमी आहे किंवा पाणी जास्त आहे. या दोन पिवळ्या रंगांतला फरक ओळखता आला की पुष्कळ झाडं वाचतात.

थंडी आणि छाटणी

नाशिकची थंडी अबोलीला मानवत नाही. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा शहरातही रात्री दहा अंशांच्या आत असतात. पानं तांबूस, निस्तेज होतात, काही गळतात, फुलं थांबतात. घाबरून खत-पाणी वाढवू नका, या दिवसांत झाड विश्रांती घेतं. इमारतीजवळची जागा इथे फायद्याची ठरते. भिंतीची ऊब आणि डोक्यावरचा छज्जा यामुळे उघड्या बागेतल्यापेक्षा तिथली झाडं थंडी चांगली काढतात. कुंड्या असतील तर डिसेंबर-जानेवारीत भिंतीजवळ सरकवा.

छाटणी थंडीत करू नका. फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळचा गारवा कमी झाला की झाड एक तृतीयांश उतरवा. धारदार कात्री वापरा, डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या जागेच्या, वर काप द्या, आत वाढलेल्या आणि सुकलेल्या फांद्या जिथून फुटल्या तिथून काढा. छाटणीनंतर गांडूळखत आणि एक चांगलं पाणी. मार्चमध्ये नवी फूट येते आणि चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवसांत कणसं दिसू लागतात.

याशिवाय वर्षभर एकच सवय लावून घ्या. कणसातली शेवटची फुलं संपली की ते दांड्यासकट कापा. बी धरायला गेलेली ताकद मग नव्या कणसांकडे वळते.

कीड आणि रोग

सावलीत, कोंदट हवेत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बगलेत घर करते. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. सुरुवातीला जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने पुसून काढा. वाढलं तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा, आठवड्याने पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा किंवा ढेकूण आहेच असं समजा.

मर रोगात एखादी फांदी आणि मग अख्खं झाड सुकतं, बुंधा आतून तपकिरी होतो. असं झाड मुळासकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्या जागी ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत घाला. झाड खुरटलं, फुलं बारीक झाली, खत-पाणी देऊनही सुधारणा नाही, असं असेल तर शंका सूत्रकृमींची. कडेची थोडी माती उकरून मुळं पाहिल्यावर गाठी दिसतात. निंबोळी पेंड नियमित देणं आणि मध्ये झेंडू लावणं हे दोन्ही उपाय सूत्रकृमी कमी करतात, पूर्ण घालवत नाहीत. झेंडूला ऊन लागतं, म्हणून तो वाफ्याच्या उजेडाच्या टोकाला लावा किंवा मे-जूनमध्ये, जेव्हा उत्तरेच्या पट्टीतही ऊन येतं.

जिथे अबोली फुलणार नाही

हाताची सावलीसुद्धा पडत नसेल अशा कोपऱ्यात फुलांचा हट्ट नको, तिथे नेचे लावा. त्याच्या थोड्या अलीकडच्या, मध्यम सावलीच्या जागेत दशमुळी लावता येते. पश्चिम घाटातलं, जंगलाच्या सावलीत वाढणारं हे अबोलीच्याच कुळातलं झुडूप. फुलं उमलताना निळसर जांभळी आणि जुनी होताना लालसर. नर्सरीत ती सहसा दिसत नाही, देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडे चौकशी करावी लागते. पण अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर फिरायला गेल्यावर तिथलं कुठलंही झाड उपटून आणू नका. ते तिथेच शोभतं, आणि उपटून आणलेलं इथे बहुतेक वेळा जगतही नाही. पांढऱ्या फुलांचा चित्रकही अर्ध्या सावलीत चांगला येतो, मात्र त्याच्या रसाने त्वचा भाजते. लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असलेल्या घरात टाळा.

फुलं, बी आणि पुढची रोपं

फुलं सकाळी, दव वाळल्यावर आणि पूर्ण उमललेलीच वेचा. कणीस न ओढता फूल नळीपासून हलकेच वर उचला, सहज निघून येतं. दर दिवसाआड वेचलं तरी चालतं. अबोलीचं फूल इतकं हलकं की एका किलोत साधारण १५,००० फुलं बसतात, त्यामुळे चार झाडांतून रोज गजरा निघेल अशी अपेक्षा धरू नका. आठ-दहा झाडं असतील तर सणावाराला देवापुरती आणि एका वेणीपुरती फुलं घरची होतात, आणि अशी वेणी बाजारात मिळत नाही.

बी हवं असेल तर दोन-तीन कणसं झाडावर पिकू द्या. ती तपकिरी झाली की आतली बोंडं पाण्याचा थेंब लागताच टचकन फुटतात आणि बी दूर उडतं. घरात मुलं असतील तर वाळलेलं कणीस ओंजळभर पाण्यात टाकून त्यांना दाखवा, ती पुन्हा पुन्हा मागतील. बी गोळा करायचं तर पिकण्याआधीच कणसाला मलमलीची छोटी पिशवी बांधा. ताजं बी उबदार दिवसांत, मार्च किंवा जूनमध्ये, पातळ थरात पेरा. जुन्या बियांची उगवण घटत जाते.

फाट्यांनी काम लवकर होतं. जुलैत, कणीस नसलेल्या, ना फार कोवळ्या ना फार जून अशा फांदीचे तीन-चार इंचांचे तुकडे घ्या. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट भरलेल्या पेल्यांत एक डोळा आत जाईल असे खोचा. सावलीत ठेवा, ओल राखा. तीन-चार आठवड्यांनी तुकडा हलकेच ओढून पाहा; अडला तर मुळं धरली आहेत. मग महिनाभराने पिशवीत हलवा.

हे काम दरवर्षी करत राहा, कारण अबोलीचा बहर दोन-तीन वर्षांनी ओसरतो, बुंधा लाकडी होतो आणि छाटूनही पूर्वीसारखी फूट येत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात जुनी झाडं काढा, पण नवी रोपं त्याच जागी लावू नका. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला लावा, किंवा जुन्या जागेची फूटभर माती काढून नवी भरा. काढलेली माती कुंड्यांत वापरण्याचा मोह होतो. आधी जुन्या झाडांची मुळं पाण्यात धुऊन पाहा, गाठी नसतील तरच वापरा.